आधी चव, मग पैसे

पैसे देण्याआधी दुकानात काही तोंडात टाकण्याचे मुंबईच्या उपनगरांत तीन प्रकार आहेत. पहिला चाखण्याचा: फरसाणवाल्याने हातावर ठेवलेल्या दोन गाठी, ज्यांचे पैसे कधीच द्यायचे नसतात. दुसरा आधी खाऊन मागाहून पैसे देण्याचा: पाणीपुरीवाल्यासमोर उभ्याउभ्या संपवलेली प्लेट. तिसरा सुपरमार्केटांबरोबर आला: ट्रॉलीतला बिस्किटाचा पुडा फोडून रडणाऱ्या मुलाच्या हातात द्यायचा आणि बिल करताना रिकामे वेष्टन पुढे करायचे. या तिन्हींच्या रीती कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. काउंटरवर काम करणारी मुले त्या शेठकडून आणि एकमेकांकडून शिकतात. गिऱ्हाईक त्या लहानपणी आईबरोबर बाजाराला जाऊन शिकते. पैसे आधी की नंतर, यावर त्या फारशा अवलंबून नाहीत. पदार्थ कोणी उचलला, हे त्यात पाहिले जाते. विकणाऱ्याने उचलून दिलेली चिमूटभर शेव ही वानगी. तीच शेव गिऱ्हाइकाने परस्पर परातीत हात घालून घेतली तर तो आगाऊपणा, मग पुढे त्याने किलोभर माल का घेईना.

चाखण्याची गरज सुट्या मालामुळे पडते. पाकिटावर तारीख, घटक, किंमत सगळे छापलेले असते. परातीतल्या चिवड्यावर काहीच नसते. तेल जुने होते की ताजे, शेंगदाणा कडू निघतो का, खोबरे खवट झाले आहे का, गूळ खारट लागतो का, हे डोळ्यांना कळत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ही तारीख लावणे सक्तीचे केले. पण तारखेवरून पेढ्यातला खवा कसा भाजला आहे ते समजत नाही. किराण्यात प्रत्येक जिनसाची परीक्षा वेगळी. तूप हाताच्या पालथ्या बाजूवर चोळून हुंगतात. तांदूळ तळहातावर घेऊन आधी वास घेतात, मग एखादा दाणा दाताखाली फोडून तो नवा की जुना ते ठरवतात. घाऊक बाजारात व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून आतले दाणे काढतो, कारण पोत्याच्या तोंडाशी असलेला माल नेहमीच बरा असतो. या सगळ्यातून मासळी तेवढी सुटली. कोळणीसमोर कल्ला उचलून लाली बघायची, बोटाने पोट दाबायचे, भाव पाडायचा. चव घरी गेल्यावर.

फरसाणाच्या दुकानात नव्याने लागलेल्या मुलाला काट्याच्याही आधी शिकावे लागते ते चाखायला किती द्यायचे हे. शेव चिमूटभर, गाठी दोन, चकलीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, बर्फीचा सुरीने काढलेला कोपरा. सुरुवातीला मुले मूठ भरून देतात. शेठ गल्ल्यावरून नुसता बघतो आणि मूठ आपोआप लहान होते. फार थोडे देणेही बरे नाही. शेवेच्या एका काडीत मीठ-तिखट कळत नाही, आणि आपल्याला जोखले गेले असे गिऱ्हाइकाला वाटते. द्यायचे ते चमच्याने, कागदाच्या तुकड्यावर किंवा वरून तळहातावर. पूर्वी वर्तमानपत्राचा चौकोन फाडून देत. २०१८ च्या वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरायला मनाई केली, तेव्हापासून शिस्तीच्या दुकानांत कोरा कागद आला. कागदापेक्षा जुना नियम उष्ट्याचा. चाखणाऱ्याने घास वरून तोंडात टाकायचा, बोटे ओठांना लावायची नाहीत, आणि तो हात पुन्हा मालाच्या दिशेने न्यायचा नाही. हात झटकायचा तोही दुकानाच्या पायरीबाहेर. ज्याने बोट चाटून तेच बोट परातीकडे दाखवायला पुढे केले, त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईने तो पदार्थ घेतलाच नाही, असे काउंटरवर अनेकदा पाहायला मिळते. मुलगा मग परात थोडी मागे ओढतो आणि दुसरी पुढे सरकवतो. बोलत कोणीच नाही.

गिऱ्हाइकानेही काही पाळायचे असते. चव मागण्याआधी भाव विचारावा, आणि शक्य तर किती घ्यायचे तेही सांगावे. "पाव किलो द्या, पण जरा दाखवा आधी," असे म्हणणाऱ्याला मुलगा हसून देतो. भाव न विचारता एकामागून एक परातीकडे बोट दाखवणारा वेळ काढायला आला आहे, हे तिसऱ्या वानगीपर्यंत कळून चुकते. तीन हीच साधारण मर्यादा. चौथी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, पण मुलगा त्याच वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे वजन करायला घेतो. तीन चवी घेतल्या की शंभर ग्रॅम तरी घ्यावे असा संकेत आहे. न घेता जायचे तर कारण सांगून जावे. "जरा तिखट आहे, पोरं खाणार नाहीत" एवढे पुरते. कारण सांगणाऱ्याबद्दल दुकानात कोणाला राग नसतो, उलट त्यातून माल कसा झाला हे शेठला समजते. काही न बोलता पाठ फिरवणारा मात्र लक्षात राहतो.

वेळेचेही भान लागते. सकाळी दुकान उघडल्यावर भवानी होईपर्यंत चाखायला मागणे वाईट दिसते. जुनी गिऱ्हाइके हे जाणतात. त्या वेळी चव घेतलीच, तर दहा-वीस रुपयांचे काहीतरी बांधून घेतल्याशिवाय पायरी उतरत नाहीत. संध्याकाळी ऑफिसची गर्दी सुटल्यावर, मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या स्टेशनजवळच्या दुकानात मागे चार जण ताटकळत असताना, चाखत बसणे हा मागच्यांचा अपमान. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबीची रांग लागते तेव्हा तर चाखणे नसतेच. तिथे सोबत मिळणारा पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या फुकट असतात, पण मागून घ्यायच्या. ताटातून परस्पर मिरची उचलणाऱ्याला रांगेतलेच कोणीतरी टोकते. दसऱ्याला बरीच दुकाने आधी पैसे घेऊन कुपन देतात आणि मग सगळेच प्रश्न मिटतात.

चाखायला देण्यात सर्वांत मोठी जोखीम असते ती व्रता-नियमांची. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये जैन वस्ती मोठी. तिथल्या दुकानात कांदा, लसूण, बटाटा असलेला माल आणि जैन माल वेगळे मांडतात, आणि दोन्हींचे चमचे वेगळे ठेवतात. लसणाच्या शेवेतला चमचा घाईत जैन शेवेत गेला तर ती परात जैन म्हणून विकता येत नाही; शेठ ती पलीकडे मांडायला लावतो आणि त्या दिवशी मुलाला कोणी चहा विचारत नाही. विचारल्याशिवाय हातावर काही ठेवायचे नाही, हा तिथला पहिला धडा.

"काका, ही लसणाची का?"

"नाही ताई, ती पलीकडची. ही जैन आहे, घ्या."

चोविहार पाळणारी माणसे सूर्यास्तानंतर काहीच खात नाहीत. संध्याकाळी ती खरेदी करतात, पण चव घेत नाहीत. मुलाने आग्रह केला तर त्याचे अज्ञान उघडे पडते. मराठी गिऱ्हाइकाचा उपास असतो तो सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला, आणि श्रावणात तर कुठल्याही वारी. "आज उपास आहे" हे वाक्य मोठे सोयीचे आहे. खरा उपास असला तरी चालते आणि नको असलेली चव टाळायची असली तरी चालते. मुलाने ते दोन्ही अर्थांनी खरे मानायचे. उपास असलेली बाई शेजारणीला किंवा नवऱ्याला चाखायला लावते आणि त्याच्या तोंडाकडे बघून निर्णय घेते. बटाट्याचा उपासाचा चिवडा किंवा केळ्याचे वेफर्स असतील तर मात्र ती स्वतः चव घेते, पण आधी तेल कोणते आणि मीठ कोणते, हे दोन प्रश्न विचारून.

नैवेद्याच्या खरेदीत सगळा शिष्टाचार उलटा होतो. गणपतीच्या दिवसांत पेढे आणि मोदक घेणाऱ्याला चाखायला देऊ करायचे नाही. देवाला दाखवण्याआधी ते कोणी तोंडात घालणार नाही, आणि ज्या ट्रेमधून दुसरा कोणी चाखून गेला आहे त्या ट्रेमधलेही काहींना चालत नाहीत. अनुभवी माणूस अशा वेळी नवा डबा उघडतो आणि गिऱ्हाइकासमोर उघडतो. दिवाळीच्या फराळाचे उलट. बचत गटांची प्रदर्शने, शाळांच्या मैदानांवरचे स्टॉल, बोरिवली-मुलुंडच्या मराठी वस्तीतली घरगुती फराळाची दुकाने इथे चाखण्याला ऊत येतो, कारण प्रत्येकीला आपल्या घरच्या चकलीशी ही चकली ताडून बघायची असते. तिथल्या बायका चिवड्याचे भांडे पुढे करूनच बसतात आणि न चाखता पुढे जाणाऱ्यालाच हाक मारतात. चव घेऊन "छान झालंय" म्हणायचे आणि न घेता जायचे, हे तिथे चालून जाते. फरसाणाच्या दुकानात चालत नाही.

मुलांना सगळीकडे सूट आहे. वाण्याच्या दुकानात आईबरोबर आलेल्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा किंवा चार फुटाणे ठेवतात आणि ते हिशेबात धरत नाहीत. मुलाने स्वतः बरणीत हात घातला तर आईने लाजून पैसे देऊ करायचे आणि दुकानदाराने "राहू दे ताई, लहान आहे" म्हणून नाकारायचे, हेही ठरलेले. आईने पैसे देऊच केले नाहीत तर ते दुकानदाराच्या मनात राहते.

फळांच्या गाडीवर व्यवहार मोजणीचा की वजनाचा, त्यावर चाखण्याचे स्वरूप ठरते. मुंबईत केळी डझनावर विकतात. घेतलेल्या डझनातले एक तिथेच सोलून खाल्ले तरी हिशेब हलत नाही; साल टाकायला गाडीवाला स्वतःच टोपली पुढे करतो. तेच केळे सुपरमार्केटात किलोवर विकले जाते, आणि वजनाआधी खाल्लेल्या केळ्याचे पैसे कधीच आकारता येत नाहीत. द्राक्षे किलोची. घडातून गळालेला एखादा मणी गाडीवाला उचलून देतो. घडाचा मणी गिऱ्हाइकाने तोडला तर देठाशी घड उघडा पडतो आणि तिथून नासायला लागतो. राग येतो तो यामुळे, मण्याच्या किमतीमुळे नव्हे. बोरिवली स्टेशनबाहेर उन्हाळ्यात आदिवासी बाया करवंदे-जांभळे वाट्यावर विकतात. वाट्यातले एखादे चाखले तर ती बाई हसते, दुसऱ्या वाट्यातले उचलले तर रागावते. आणि घासाघीस करून वर चाखणाऱ्याला ऐकवतेही.

हापूसला स्वतःचा कायदा आहे. आंबा दाबून बघायचा नाही, हुंगायचा. डझन घेणाऱ्यासाठी आंबा कापत नाहीत, पेटी घेणाऱ्यासाठी कापतात, आणि तोही विकणाऱ्याने पेटीतून निवडलेला नव्हे, गिऱ्हाइकाने दाखवलेला, अशी मागणी जाणते लोक करतात. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून खपवला जाण्याची शंका दर मोसमात असतेच, त्यामुळे कापलेल्या फोडीला महत्त्व आहे. फोड एकट्याने खायची नाही. आजूबाजूला उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही एकेक मिळते, आणि कोय बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या मुलाकडे जाते. कलिंगडाची गोष्ट अधिक सरळ. विकणारा सुरीने त्रिकोणी काप काढून दाखवतो. लाल निघाले तर घ्यावेच लागते, फिके निघाले तर ते त्याचे नुकसान. पसंतीवर दिलेला माल गिऱ्हाइकाने पसंत आहे असे कळवले किंवा स्वतःचा म्हणून वापरला की विक्री पुरी झाली, असे १९३० चा माल विक्री कायदा सांगतो. कलिंगडवाल्यांना तो वाचण्याची गरज पडली नाही.

आधी खाऊन नंतर पैसे देण्याचा प्रकार मुख्यतः रस्त्यावरचा आणि हॉटेलांतला. घाटकोपरच्या वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत पाणीपुरीवाला एकाच वेळी पाच-सहा जणांना वाढत असतो; कोणाच्या किती पुऱ्या झाल्या हे त्याच्या डोक्यात असते, आणि खाणाऱ्याने ते मध्येच विचारणे हा अविश्वास. शेवटची सुकी पुरी फुकट. ती मागायला हरकत नाही, दुसरी मागायला आहे. पैसे हात धुऊन द्यायचे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि हातगाड्यांवर क्यूआर कोड लागले, तेव्हा इथे एक अडचण झाली: ओल्या, चिंचेच्या बोटांनी फोन उघडत नाही. म्हणून आता बरेच जण आधीच पैसे पाठवून मग द्रोण हातात घेतात, आणि एक प्लेट आणखी खाल्ली तर फरकाचे सुटे नाणे शोधत बसतात. वडापावच्या गाडीवर गर्दीची वेळ असेल तर आधी पैसे, दुपारी निवांत असेल तर नंतर. तिथला चुरा विकणारा देतो तेवढाच घ्यायचा. चटणीच्या डब्यात पावाचा तुकडा बुडवणे उष्ट्याच्या नियमात बसत नाही.

हॉटेलांत दोन परंपरा आल्या. माटुंग्याच्या रामनायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगने, जे १९४२ मध्ये सुरू झाले, आधी पैसे देऊन कुपन घेण्याची शिस्त लावली, आणि उपनगरांतल्या उभ्याने खाण्याच्या उडुपी हॉटेलांनीही तीच धरली. इराण्याकडे उलट होते. गिऱ्हाईक बसले की पोऱ्या केक-पेस्ट्रीची बशी न मागता टेबलावर आणून ठेवी. खाल्ले तेवढ्याचेच पैसे. उरलेले काचेच्या कपाटात परत. गिऱ्हाईक उठले की पोऱ्या गल्ल्याकडे रकमेची आरोळी ठोके. अंधेरी-पार्ल्याकडचे इराणी बरेचसे गेले, पण त्या बशीत दुकानदाराने माणसावर जितका भरवसा टाकला होता, तितका पुढे कोणत्याच दुकानाने टाकला नाही. आइस्क्रीमच्या दुकानात आज चमच्यावर चव देतात, १९८४ मध्ये जुहूत सुरू झालेल्या नॅचरल्सपासून कोपऱ्यावरच्या पार्लरपर्यंत. ती मात्र फरसाणाच्या नियमाने चालते: चमचा देणारा काउंटरच्या आत, घेणारा बाहेर, आणि तिसऱ्या चवीनंतर निवड करायची.

हे सगळे बिघडले ते माल गिऱ्हाइकाच्या हाताशी मोकळा मांडल्यावर. स्वतः उचलून घ्यायच्या दुकानाची कल्पना अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९१६ साली पिगली विगली नावाच्या दुकानाने रुजवली. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये उभ्या केलेल्या सहकारी संस्थेचा अपना बाजार पुढे सुपरमार्केटच्या रूपात उपनगरांत पोहोचला, आणि २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडल्यानंतर महिन्याचे सामान तिथून आणण्याची सवय मध्यमवर्गात पसरली. काउंटर गेला, त्याबरोबर चाखायला देणारा माणूस गेला. सुका मेवा, डाळी, फुटाणे उघड्या खोक्यांत आले आणि चमचा गिऱ्हाइकाच्याच हाती आला. साठी उलटलेले गृहस्थ काजूचा तुकडा उचलतात, तोंडात टाकतात, आणि मग मान वळवून कोणाला तरी शोधतात, ज्याला "बरा आहे" म्हणता येईल. चोरी करणारा असा मान वळवून बघत नाही. तो बघतो ते कॅमेऱ्याकडे. फ्लोअरवर काम करणाऱ्याला हा फरक आठवड्याभरात ओळखता येतो, पण वरून कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला ओळखता येत नाही.

कायदा इथे व्यवहारापेक्षा सौम्य आहे. मांडणीवर ठेवलेला माल हा विक्रीचा प्रस्ताव नसून गिऱ्हाइकाला प्रस्ताव करण्याचे आमंत्रण असते, आणि करार गल्ल्यावर होतो, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५३ च्या बूट्स केमिस्टच्या खटल्यात ठरवले. भारतातल्या कायद्याच्या वर्गांतही तोच खटला शिकवतात. त्यामुळे बिल होईपर्यंत बिस्किटाचा पुडा दुकानाचाच. पण चोरीला लबाडीचा हेतू लागतो. पैसे द्यायच्या बोलीने पुडा फोडणारा असभ्य असेल, चोर नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम ३०३ आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा त्यात सांगितली आहे. त्याच संहितेतले कलम ३३, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ९५, म्हणते की साध्या समजुतीचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतके क्षुल्लक नुकसान हा गुन्हाच नव्हे. द्राक्षाचा एक मणी बहुधा याच कलमात बसावा. घडाचा अर्धा भाग फिरता फिरता संपवणारे बसणार नाहीत.

दुकानाच्या हिशेबात मात्र क्षुल्लक असे काही नसते. रात्री मांडणी लावताना तांदळाच्या पिशव्यांमागे चॉकलेटची रिकामी वेष्टने, शाम्पूंच्या रांगेत ज्यूसचे चेपलेले खोके, कपड्यांच्या विभागात वेफर्सचे पाकीट सापडते. त्यांची नोंद तुटीत जाते. ही तूट काही ठिकाणी फ्लोअरवरच्या मुलांच्या पगारातून वसूल करण्याची धमकी दिली जाते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने अशी कपात फक्त कामगाराच्या स्वतंत्र ताब्यात दिलेल्या मालापुरती, त्याच्या हयगयीने नुकसान झाले असेल तरच आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावरच ठेवली होती. चार हजार गिऱ्हाइकांना मोकळी असलेली मांडणी कोणा एकाच्या ताब्यात असते असे म्हणता येत नाही. पण हे त्या मुलाला कोणी सांगत नाही, आणि फुकटच्या चॉकलेटची किंमत चुकवायची वेळ आपल्यावर येईल या धास्तीने तो गिऱ्हाइकाकडे संशयाने बघू लागतो.

मुरलेला कर्मचारी अडवत नाही. सुक्या मेव्याजवळ घुटमळणाऱ्या आजोबांपाशी तो स्वतःच जातो. "काका, चाखायचंय का? थांबा, मी देतो," म्हणत चमच्याने चार मनुका त्यांच्या हातावर ठेवतो. आजोबा बहुतेक वेळा पाव किलो घेतात. मागून पुन्हा परस्पर हात घालत नाहीत, हे नक्की. सुपरवायझरला हे आवडतेच असे नाही, कारण चाखण्यासाठी माल वेगळा काढायचा तर त्याची नोंद लागते. कंपन्यांच्या नमुन्यांचे टेबल असते तेव्हाच फुकटची चव अधिकृत. त्या टेबलाशी शनिवार-रविवारी दिवसाच्या रोजावर उभ्या राहणाऱ्या मुलींची अडचण उलटी. त्यांना दिवसाअखेर किती कप वाटले ते दाखवायचे असते, म्हणून त्या बोलावून बोलावून देतात, आणि तेच ते कुटुंब तिसऱ्या फेरीला आले तरी हसतमुख राहतात.

पाकीटबंद माल बिलाआधी फोडायचाच झाला तर त्याचीही रीत हळूहळू बसते आहे. मूल रडते आहे, कोणाची साखर उतरली आहे, रांग लांब आहे, अशी कारणे दुकानात सहज मान्य होतात. फोडताना बारकोडची बाजू शाबूत ठेवावी. मधोमध फाटलेला बारकोड यंत्र वाचत नाही आणि कॅशियरला आकडे हाताने घालावे लागतात. एकावर एक फुकट असलेल्या जोडीतला एकच पुडा फोडू नये, त्याचे बिल होत नाही. चिकट वेष्टन पट्ट्यावर टाकू नये, हातात धरून दाखवावे, आणि ते सगळ्यांत आधी दाखवावे. शेवटी दाखवणाऱ्याला विसरला होता असे म्हणता येते. आधी दाखवणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही. वजनावर विकला जाणारा माल, सफरचंद असो की फुटाणे, बिलाआधी खाऊच नये, कारण त्याचे रिकामे वेष्टन नसते.

आणि पैसे हाताशी असल्याशिवाय काही फोडू नये. यूपीआय अडकते, कार्ड चालत नाही, कॅशियर शिफ्ट बदलायला उठतो, आणि कंटाळून काही जण भरलेली ट्रॉली तिथेच सोडून जातात. ट्रॉलीतला न फोडलेला माल मुले रात्री मांडणीवर परत लावतात. फोडलेला परत लावता येत नाही. त्याची नोंद खराब मालाच्या वहीत होते, मॅनेजरची सही होते, आणि अर्धा पुडा शिल्लक असला तरी तो कोणाला खायला देत नाहीत. सगळ्यांच्या देखत चुरून कचऱ्याच्या पिंपात टाकतात, म्हणजे मुलांनीच फोडला असा आळ येऊ नये.